बडबडे पिक्सेल

३ मार्च

आजची बैठक म्हणजे गाढवांचा गोंधळ आणि लाथांचा सुकाळ. साहेब पाऊण तास बोलले आणि त्यातून एवढंच कळलं, की फुगा एप्रिलमध्ये उडणार. हे तर फाटकावरच्या रखवालदारालाही माहीत होतं. साहेब आमच्या प्रकल्पाचे प्रमुख आहेत. सोल्डरिंगची कांडी कुठल्या टोकाला धरायची असं विचारलं, तर ते आधी समिती नेमतील आणि मग हात भाजून घेतील.

नवीन गोष्ट एकच होती, ती मात्र मी कान देऊन ऐकली. फुग्याखाली दुर्बीण लटकणार आणि तिच्या टोकाला माझा डिटेक्टर. या उड्डाणात तो नीट चालला तर पुढच्या उपग्रहावर तोच जाणार. नाही चालला तर पलीकडच्या इमारतीतल्या टोळीचा जाणार. मी दोन वर्षांनी निवृत्त होते आहे. म्हणजे हे माझं शेवटचं. हे हातचं गेलं तर माझी उभी हयात एका प्लास्टिकच्या डबीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून राहील.

बैठकीला दोन पाहुणे होते. शंकासुराने त्यांना सांगितलं, "आणि हा आमच्या मॅडमचा कॅमेरा." कॅमेरा म्हणे! शंकासुर म्हणजे आमचा खगोलशास्त्रज्ञ. नाव मीच ठेवलं आहे, कारण त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला प्रश्नचिन्ह असतं. कॉलेजपासून ओळखते त्याला. तेव्हाही असाच होता, फक्त डोक्यावर केस होते.

शेवटी मलाच पाहुण्यांना समजवावं लागलं. दवाखान्यात हाडं दाखवतात ते क्ष-किरण. आकाशातून त्यांचे आणखी कडक भाऊबंद येतात. साधं सिलिकॉन त्यांना अडवू शकत नाही, ते आरपार निघून जातात. माझा कॅडमियम टेल्युराइडचा स्फटिक, नखाएवढा काळा चकचकीत तुकडा, त्यांना पोटात अडवतो. त्याच्या खालच्या अंगाला बारीक बारीक चौकोन आहेत, ते पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलखाली इंडियमचा मऊ थेंब आणि त्याखाली चिप. किरण कुठे पडला आणि किती जोराचा होता हे पिक्सेल ओरडून सांगतो, चिप ऐकते. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि चहा कधी येणार ते विचारलं.

९ मार्च

काही पिक्सेल उगाचच बडबडतात. किरण नाही, काही नाही, आणि हे आपले "पडला, पडला" करत बसतात. स्फटिकात कुठेतरी बारीक खोट असते, दुसरं काय. चित्रात मग पांढरे ठिपके उठतात आणि उपग्रहावर कुणाचा डिटेक्टर जाणार ते ठरवणाऱ्या समितीतले शहाणे विचारतात, "हे तारे का?"

माझा उपाय सोपा आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ओरडला की यंत्र त्या पिक्सेलचं तोंड आपोआप बंद करणार. उड्डाण संपेपर्यंत परत उघडायचं नाही. आज ती मर्यादा मी चांगली खाली आणली. चित्र कसं आरशासारखं स्वच्छ झालं! कुठले पिक्सेल बंद झाले ते खाली जमिनीवर कळवायचंही नाही, असं ठरवलं. समितीसमोर आपली लक्तरं कशाला वाळत घालायची?

शंकासुर टपकलाच. "अगं, पण आपण बघणार आहोत तो तारा खरंच भडकला तर? तेव्हा चांगले पिक्सेलही जोरात ओरडतील की?"

मी म्हटलं, "तो तारा कधी भडकलेला नाही. तुझ्यासारखा नुसता धुमसत असतो."

खरं तर तो तारा नाहीच. कृष्णविवर आणि त्याला भरवत बसलेला एक तारा अशी जोडी आहे. पण आम्ही सगळे त्याला ताराच म्हणतो.

भावोजी दारात उभे होते. नवऱ्याचा धाकटा भाऊ. याच प्रकल्पात दुर्बीण ताऱ्यावर नेमकी रोखून धरायचं काम करतात. वरचे आरसे आणि खालचा डिटेक्टर यांच्यामध्ये घराएवढा लांब दांडा आहे, तो केसभरही वाकला तर भावोजींच्या लेझरला कळतं म्हणे. ते पुटपुटले, "वहिनी, मर्यादा जरा वर ठेवली, तर मला वाटतं..."

"भावोजी, तुम्ही तुमचा दांडा बघा."

गेले निमूटपणे. त्यांचं एक बरं आहे, दोनदा सांगावं लागत नाही.

१५ मार्च

भावोजी जेवायला आले होते. एकटे राहतात, म्हणून नवरा त्यांना आठवड्यातून एकदा ओढून आणतो. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरची तसबीर सरळ केली. तसबीर सरळच होती. माणूस आहे की पाणसळ, कोण जाणे.

जेवताना मी साहेबांची नक्कल केली, नवरा पोट धरून हसला. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडायला लावतो. भावोजींनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. नंतर नवरा मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "त्याला जरा बोलू देत जा ना."

"कोण अडवतंय? पाचर मारली आहे का मी त्यांच्या तोंडात?"

"तू वाक्य पूर्ण करू देत नाहीस त्याला."

"वाक्यात दम असेल तर होतंच पूर्ण."

नवऱ्याने भांडी जरा जोरात आपटली. बशीचा टवका उडाला.

१२ एप्रिल

उडाला एकदाचा. पहाटेपासून त्या उघड्या माळावर थंडीत कुडकुडत उभे होतो. फुगा वर चढला आणि दिसेनासा झाला. मग पत्र्याच्या खोलीत पडद्यांसमोर बसलो.

दुपारपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं. चित्राच्या बरोबर मध्ये तारा, बाकी सगळं काळंशार. एकही पांढरा ठिपका नाही. समितीतला एक खडूस म्हातारा, जो आजवर कुणाला बरं म्हणालेला नाही, तोही म्हणाला, "स्वच्छ आहे." साहेब असे फुगले, की मला वाटलं आता हेही उडतात.

आणि मग मध्यभागी काळं भोक पडलं. तारा गेला. बघता बघता गेला. भोकाभोवती एक फिकट कडं तेवढं राहिलं. मी ओरडले, "दुर्बीण कुठे चालली?" भावोजी म्हणाले, "कुठेच नाही." संध्याकाळपर्यंत तसंच. साहेब माझ्याकडे बघत होते आणि पलीकडच्या टोळीचा म्होरक्या मोबाइलवर कुणाला तरी हसत हसत काहीतरी लिहीत होता.

१३ एप्रिल

विचार केला आणि उलगडलं. दुपारी ऊन चढलं, दांड्याची एक बाजू तापली, दांडा वाकला. आरसे ताऱ्याकडे, पण प्रकाश माझ्या डिटेक्टरच्या बाहेर. साधी गोष्ट आहे.

भावोजींना बोलावलं. ते म्हणाले, "वहिनी, तारा जागेवरच होता. लेझरचं बघा, रेघ सरळ आहे."

"मग तुमचा लेझरही दांड्याबरोबर वाकला असेल."

"तसं नाही होत. आणि हे कडं? तारा बाहेर गेला, तर हे कडं कसलं?"

"कचरा आहे तो. विखुरलेले किरण. तुम्ही मला डिटेक्टर शिकवणार आता?"

"नाही. मी फक्त..." नाचता येईना अंगण वाकडं. यांचं तर अंगणही सरळ होतं म्हणे.

१९ एप्रिल

अहवाल दिला. चार ओळींत स्पष्ट लिहिलं, की डिटेक्टर निर्दोष, दोष दुर्बीण रोखण्याच्या यंत्रणेचा. साहेबांना एवढंच हवं होतं. "मॅडम, म्हणजे उपग्रहाला अडचण नाही?" मी म्हटलं, "माझ्याकडून नाही." त्यांनी सुटकेचा असा निःश्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले.

भावोजींना प्रकल्पातून काढलं. नोकरी आहे, पण गोदामात, जुनी यंत्रं मोजायला. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण चूक ती चूक. सख्खा दीर म्हणून मी डोळेझाक केली असती, तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं.

२३ एप्रिल

नवरा भावाकडे राहायला गेला. भांडण नाही, आदळआपट नाही. पिशवीत चार कपडे कोंबले आणि म्हणाला, "तो जेवत नाहीये. नुसता बसून असतो."

मी म्हटलं, "दोघं मिळून तसबिरी सरळ करा."

तो हसला नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर हमखास हसतो. घरात आता शांतता आहे. वाचायला छान वेळ मिळतो. पुस्तकाचं एकच पान किती वेळ उघडं होतं कोण जाणे.

२६ एप्रिल

हे लिहायचं नव्हतं. पण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू?

सकाळी शंकासुर नाचत लॅबमध्ये आला. त्याला बातमी लागली होती, की दुसऱ्या दोन उपग्रहांनी आमचाच तारा बघितला होता आणि आमच्या उड्डाणाच्या दिवशी, नेमका दुपारी, तो भडकला होता. कधी नाही असा. "आणि आपण नेमके तेव्हाच दुसरीकडे बघत होतो! काय म्हणावं तुझ्या दिराला? आयुष्यात एकदा येतं गं असं!" मग लागलीच दुसरा प्रश्न. "पण समजा दुर्बीण जागेवर असती, तर एवढा उजेड झेपला असता का तुझ्या स्फटिकाला?"

माझं डोकं फिरलं. हत्ती गेला आणि शेपटाशी हा झोंबणार. माळावरून परत आणलेला डिटेक्टर समोर टेबलावर जोडलेलाच होता, सगळी सेटिंगं उड्डाणातली तशीच, फक्त नव्याने चालू केल्यामुळे सगळे पिक्सेल पुन्हा उघडे. "झेपतं का? थांब, दाखवते." अमेरिशियमचं, म्हणजे एका किरणोत्सारी धातूचं, सीलबंद बटण आम्ही नेहमी लांब खुणेवर ठेवतो, त्यातून बेताचे किरण निघतात. ते चिमट्यात धरलं आणि सरळ डिटेक्टरच्या तोंडाशी नेलं.

पडद्यावर आधी मध्यभाग लखलखला. मग मधला एक पिक्सेल विझला. मग शेजारचे. मग त्यांच्या शेजारचे. ज्यांच्यावर उजेड जास्त ते आधी गेले. मध्ये काळं भोक, आणि भोवती फिकट कडं. तेच कडं. तिथपर्यंत उजेड होता, पण माझ्या मर्यादेच्या किंचित खाली, म्हणून ते वाचले होते.

लॅबमध्ये दांडा नव्हता. ऊन नव्हतं. भावोजी नव्हते.

मी बटण मागे घेतलं. भोक तसंच राहिलं. शंकासुराला मध्येच फोन आला होता, तो खिडकीशी उभा राहून कुणाला तरी भडकलेल्या ताऱ्याचं वर्णन ऐकवत होता. फोन खिशात टाकून वळला आणि म्हणाला, "हं, दाखव." मी पडदा बंद केला होता. म्हटलं, "झेपतं. जा आता." आणि तो गेला! एरवी शंभर प्रश्न विचारणारा माणूस, आज एकही न विचारता गेला.

२७ एप्रिल

कुणालाच माहीत नाही. कळायचा मार्गही मीच बुजवला होता.

मर्यादा वर सरकवायची, पाच मिनिटांचं काम. उपग्रहावर तो उत्तम चालेल. म्हणजे स्फटिकात काहीच खोट नाही, चूक फक्त एका आकड्याची. त्यासाठी सगळं त्या टोळीच्या घशात घालायचं? भावोजी गोदामात बरे आहेत. त्यांना कुठे चढाओढ जमते? तिथे कुणी त्यांच्यावर ओरडणार नाही. त्यांना ते आवडेलही.

वरचं वाचलं. साहेब असं लिहितात. मी त्यांच्या अशाच अहवालांना आजवर फिदीफिदी हसत आले.

२९ एप्रिल

सकाळी समितीची बैठक, संगणकावर, कारण निम्मे लोक बाहेरगावी. साहेबांनी जाहीर केलं, की उपग्रहासाठी मॅडमचा डिटेक्टर. टाळ्या वाजल्या. मी म्हटलं, "थांबा. दांडा वाकला नव्हता. तारा मध्यभागीच होता. तो भडकला आणि माझ्या मर्यादेने चांगले पिक्सेल बंद केले. चूक माझी आहे. लॅबमध्ये या, करून दाखवते."

मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. साहेब अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, तुमची घालमेल आम्ही समजू शकतो. शेवटी घरचं माणूस आहे. पण त्यांनी स्वतः परवा लिहून दिलंय." आणि वाचून दाखवलं, "दांडा वाकला असणार. माझ्या यंत्रणेला ते कळलं नाही. जबाबदारी माझी."

मी ओरडले, "ते चुकीचं आहे! त्यांना काय कळतंय!"

"बघा, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

मी आणखी जोरात बोलायला लागले, तेव्हा साहेबांनी माझा आवाज बंद केला. माझा! पडद्यावर मला माझंच तोंड हलताना दिसत होतं आणि खाली ते सगळे पुढच्या विषयावर गेले होते. खडूस म्हाताऱ्यानेसुद्धा कागद उलटला. इतका अपमान माझा कधी झाला नव्हता. ज्यांना अमेरिशियम आणि अंगठी यातला फरक कळत नाही त्यांनी मला गप्प करावं?

तशीच लॅबमध्ये गेले. डिटेक्टरमध्ये उड्डाणातली सेटिंगं परत भरली, मोबाइल स्टँडला लावला आणि बटण पुन्हा तोंडाशी नेलं. भोक पडताना पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रित केलं. वर माझी मर्यादा किती होती ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. समितीतल्या प्रत्येकाला पाठवलं, शंकासुराला पाठवलं, पलीकडच्या टोळीच्या म्होरक्यालाही पाठवलं. त्याने मोजून दहा मिनिटांत उत्तर दिलं, "आभारी आहे." आता उपग्रहावर त्यांचं सिलिकॉन जाणार, निम्मे किरण आरपार सोडणारं. जाऊ दे.

मग भावोजींकडे गेले. चपला न काढता दारातूनच ओरडले, "असलं कशाला लिहून दिलंत?"

ते खुर्चीत बसले होते. दाढी वाढली होती. म्हणाले, "तुम्ही म्हणालात ना, वहिनी."

"मी म्हणाले म्हणून? तुमचा लेझर काय म्हणत होता?"

"सरळ आहे म्हणत होता. पण तुमचं आजवर कधी चुकलं नाही. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. पुन्हा पुन्हा तपासलं. सापडलंच नाही. मग वाटलं, आपली चूक आपल्याला सापडण्याइतकीही अक्कल आपल्याला उरली नाही." मग हळूच म्हणाले, "हल्ली रस्ता ओलांडताना पण खात्री वाटत नाही. गाडी दिसते ती खरंच तिथे आहे का, असं वाटतं."

मला त्यांना बावळट म्हणायचं होतं. तोंडाशी आलेलंही होतं. त्याऐवजी सगळं सांगितलं. मर्यादा, बटण, भोक, कडं. ते ऐकत होते. मध्ये एकदा "पण" म्हणाले आणि सवयीने थांबले. मी म्हटलं, "बोला ना."

"म्हणजे तारा मध्यभागी होता?"

"अगदी मध्यभागी. म्हणून तर मधलेच गेले."

"मग मला बरोबर दिसत होतं?"

"हो."

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. तसेच म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितलं, की तुम्हाला बरोबर दिसत होतं, दांडा सरळ होता, चूक माझी. मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "दादा, बाहेर ये. वहिनी काय म्हणतायत ते ऐक."

नवरा ओले हात पुसत दारात येऊन उभा राहिला. मला सुरुवात कुठून करावी ते कळेना, आणि रडू फुटलं ते थांबेना. रडत रडतच मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि त्या दोघांनी मध्ये एक शब्दही न बोलता ऐकून घेतलं.